अधिक एक

१

लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी मला विमानात नोकरी लागली. पगार नाही, गणवेश नाही. जिना चढून वरच्या छोट्या खोलीच्या दाराशी उभं राहायचं आणि नवऱ्याने विचारलं की एक आकडा सांगायचा.

माझा नवरा ट्रोल्स आठवडाभर पवनचक्क्या दुरुस्त करतो आणि शनिवारी हेडेफ्लाय कंपनीची विमानं उडवायचा. ही कंपनी चौतीस वर्षांपूर्वी बंद पडली. इथल्या माळरानावरच्या माणसांना बिलुंड विमानतळावरून उचलायचं, रोड्स बेटावर उन्हात नेऊन सोडायचं आणि आठवड्याने लालबुंद झालेली परत आणायची, एवढाच तिचा धंदा होता. पुढे ती सात पुरुषांच्या घरांत, कॉम्प्युटरच्या पडद्यांवर चालायला लागली.

या सातांचा म्होरक्या प्रेबेन. तो कंपनीचा बिलुंडवरचा कारकून होता. कंपनी बुडाली त्या दिवशी त्याने कागदांची खोकी स्वतःच्या मोटारीत भरली, ती अजून त्याच्या गॅरेजात आहेत. त्यांतून तो दर आठवड्याला प्रत्येक फेरीचा वजनाचा कागद काढून त्याची प्रत धाडायचा. माणसं किती, सामान किती, इंधन किती, सगळं त्यात. एकोणनव्वद साल आणि गेलं साल यांचं कॅलेंडर सारखं, शनिवारला शनिवार जुळतो, म्हणून गेल्या वर्षी कंपनीचा शेवटचा हंगाम पहिल्यापासून उडवायचा असं ठरलं होतं. त्याच तारखा, त्याच वेळा. नियम एकच. जे खरोखर उडालं तेच उडवायचं.

"एक फेरी जास्त नाही, एक कमी नाही," ट्रोल्सने मला सांगितलं. "नाहीतर तो खेळ होईल, माइकेन."

हे सांगताना त्याच्या डोक्यावर हेडफोन होते आणि पायांत अंगठ्याला भोक असलेले मोजे. मोज्यांची टोकं आमच्या लग्नात त्याच्या मित्रांनी रीतीप्रमाणे कात्रीने कापलेली. ती मी शिवून द्यावीत अशी त्याची आशा होती.

विमानाचं दार लावण्याआधी हवाई सुंदरी माणसं मोजते आणि आकडा वैमानिकाला सांगते. कागदाशी जुळला की दार लागतं. ट्रोल्स इतके दिवस स्वतःच विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. बाकी सहाजणांच्या बायका शहाण्या, त्या शनिवारी बागेत असतात. मी नवी होते.

"किती?"

"एकशे एकसष्ट."

"एकशे एकसष्ट. दार लाव."

मी दार लावायचे आणि खाली येऊन कॉफी प्यायचे. साडेतीन-पावणेचार तासांनी विमान रोड्सला. तासभर थांबा. मग पुन्हा वर, पुन्हा दाराशी, पुन्हा आकडा. संध्याकाळच्या जेवणाला नवरा घरी.

माझी सासू बिर्थे हिला हे कळलं तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली. ती हेडेफ्लायमध्येच सहा वर्षं हवाई सुंदरी होती. ट्रोल्स पोटात आला तेव्हा तिने कंपनी सोडली, आणि पुढच्या तीन महिन्यांत कंपनीने जग सोडलं.

"मोजून सांगतेस की कागद बघून?" तिने विचारलं.

"कागद बघून. खोलीत तीनच खुर्च्या आहेत, बिर्थे. त्याही रिकाम्या."

त्या खुर्च्या खऱ्या विमानातल्या. नारिंगी-तपकिरी कापडाच्या, एकमेकींना जोडलेल्या, हातावर झाकणाची रक्षापात्रं. ट्रोल्सने त्या भंगारातून आणून स्वतःच्या पाठीमागे बसवल्या होत्या.

"आम्ही शेवटच्या रांगेपासून पुढे यायचो," बिर्थे म्हणाली. "एका डोक्याला एक. मांडीवरची पोरं वेगळी. एकशे साठ अधिक दोन, असं सांगायचं. मांडीवरच्यांना खुर्ची नसते, पट्टा नसतो. वजनसुद्धा धरत नाहीत त्यांचं."

"मग मोजायचं कशाला?"

तिने कॉफी संपवली. "नाहीतर कोणी शोधत नाही."

२

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी दाराशी उभी राहिले. हातातला कागद मी नुकताच वाचला होता.

"किती?"

"एकशे अठ्ठावन्न, अधिक एक."

ट्रोल्सने एक कान मोकळा केला. "अधिक काय?"

मी कागद पाहिला. एकशे अठ्ठावन्न. मांडीवरच्यांच्या चौकटीत आडवी रेघ. "चुकलं," मी म्हणाले. "बिर्थेचं बोलणं डोक्यात राहिलं असेल."

"परत सांग. किती?"

"एकशे अठ्ठावन्न," मी म्हणाले, आणि जीभ थांबली नाही, "अधिक एक."

तो हसला. मीही हसले. मी औषधाच्या दुकानात काम करते. दिवसाकाठी शेकडो गोळ्या माझ्या हातून मोजून जातात आणि सात वर्षांत एकही गोळी कमी-जास्त झालेली नाही. पण बोलण्यातली चूक वेगळी आणि मोजण्यातली वेगळी, असं मी स्वतःला समजावलं.

दुपारी रोड्सहून निघताना मी स्वतःला बजावून गेले होते. तरी तेच झालं. एकशे साठ, अधिक एक.

दहा दिवसांनी न्हाणीघरात मी हातात चाचणीची पट्टी धरून उभी होते. दोन रेघा. ट्रोल्सला हाक मारली. त्याने पट्टी उजेडात धरून पाहिली, पवनचक्कीचा बोल्ट पाहतो तशी.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्याकडचा माणूस याहून जास्त काही म्हणत नाही. मग तो टबाच्या कडेवर बसला आणि त्याचे कान लाल झाले.

"तू स्वतःला सांगायच्या आधी मला सांगितलंस," तो म्हणाला. "अधिक एक."

"माझ्या पोटाला तुझ्या विमानाचे नियम कळतात वाटतं."

त्या शनिवारपासून तो चौकटीत स्वतःच्या हाताने 'अधिक एक' लिहू लागला. प्रेबेनचा निरोप आला, 'कागदावर नाही.' ट्रोल्सने उत्तर दिलं, 'विमानात आहे.' पाचजणांनी हसरे चेहरे पाठवले. प्रेबेनने पाठवला नाही.

३

ऑगस्टमध्ये मला कागद लागेनासा झाला.

आधी ते माझ्या लक्षात आलं नाही. मी उलटीच्या भीतीने डोळे मिटून दाराच्या चौकटीला टेकलेली असायचे आणि तो विचारायचा. मी सांगायचे, तो "बरोबर" म्हणायचा. एका शनिवारी खाली आले तर कागद जेवणाच्या टेबलावर, पावाच्या टोपलीखाली होता. मी तो उचललाच नव्हता.

पुढच्या खेपेला मी ट्रोल्सला म्हटलं, "कागद लपव."

"का?"

"गंमत."

मी डोळे मिटले. खोलीत पंख्यांची घरघर होती, त्याने कॉम्प्युटरला जोडलेल्या इंजिनांचा खालचा सूर होता, आणि त्याच्या खाली खूप बारीक काहीतरी. कमरेचे पट्टे लागल्याचे आवाज. टिच. टिच. टिच. मागून पुढे येत चाललेले. त्या तीन खुर्च्यांना तीन पट्टे होते आणि तिन्ही खाली लोंबत होते. मी मोजत गेले. आवाज थांबले तेव्हा एकशे एकोणपन्नास झाले होते. 'अधिक एक' मोजावं लागलं नाही. ते आपोआप जिभेवर आलं.

ट्रोल्सने मांडीखालचा कागद काढून पाहिला. "आधी बघितला होतास."

"हो," मी म्हणाले.

बघितला असेलही. प्रेबेन प्रती शुक्रवारी पाठवतो आणि त्या टेबलावर पडलेल्या असतात. माणसाचा डोळा जाता जाता वाचतो आणि मनाला सांगत नाही. दुकानातही असं होतं, गिऱ्हाइकाचं नाव तोंडात आधी येतं, चिठ्ठी नंतर दिसते. मी हे सगळं पाव कापता कापता नीट मांडलं आणि ते पटण्यासारखं होतं. पट्ट्यांच्या आवाजाचं मात्र काही जमलं नाही, म्हणून ते मी बाजूला ठेवलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तपासणी झाली. पडद्यावर करड्या धुरात एक पाठमोरं काहीतरी वळवळत होतं. ट्रोल्स म्हणाला, "रडारवर दिसलं." डॉक्टरीण हसली.

महिन्याच्या शेवटी, बेंचवर बसून बूट घालताना, पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. माशाने शेपटी फिरवावी तसं. त्या दिवशी शनिवारच होता. सकाळी रोड्सला जाताना अधिक एक, दुपारी येताना अधिक एक. जातंय तेवढं येतंय. मी तसं मनात म्हणायला लागले होते, का ते मला ठाऊक नव्हतं.

४

चौदा ऑक्टोबरला ट्रोल्सने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला.

"शेवटची फेरी," तो म्हणाला.

कंपनी ऑक्टोबरमध्ये बंद पडली हे मला माहीत होतं, आपल्याला एखाद्या राजाच्या मृत्यूचं साल माहीत असतं तसं. त्यापलीकडे मी विचार केला नव्हता.

"किती?"

"एकशे बासष्ट, अधिक एक."

"एकशे बासष्ट, अधिक एक. दार लाव."

मी लावलं. दिवसभर धुकं होतं. मी कपडे वाळत घातले, ते वाळले नाहीत. अकरा वाजून गेले आणि वर चाकं टेकल्याचा घरघराट झाला. मग इंजिनं एकेक करून बंद झाली. तासाने हाक येईल म्हणून मी थांबले. त्याआधीच ट्रोल्स खाली आला. त्याने कपाटातून कडू दारूची बाटली काढली, एक घोट ओतला आणि फोन टेबलावर उभा केला. फोनच्या पडद्यावर बाकीचे सहाजण आपापल्या स्वयंपाकघरांत पेले धरून उभे होते. प्रेबेनने गळ्याला कंपनीचा जुना टाय बांधला होता.

"हेडेफ्लाय," प्रेबेन म्हणाला.

"हेडेफ्लाय," सगळे म्हणाले, आणि प्यायले.

"परतीची फेरी किती वाजता?" मी विचारलं.

ट्रोल्सने माझ्याकडे पाहिलं. "परतीची फेरी नाही. विमान रोड्सला उभं होतं आणि इकडे कंपनी बंद झाली. विमान तिथेच अडकवून ठेवलं. लोक तीन दिवसांनी दुसऱ्यांच्या विमानांतून आले." त्याने पेला धुतला. "ही फेरी कधी उडालीच नाही."

मला त्या दिवशी दुपारी मळमळलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी दोन वेळा पोटभर जेवले, खारवलेला मासासुद्धा खाल्ला. ट्रोल्सला वाटलं, बरं झालं.

माशाची शेपटी फिरली नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. मी दुकानात गोळ्या मोजत राहिले. आठवडा गेला. मला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. घरातून पाहुणे गेल्यावर माणूस चादरी काढतो, तेव्हा जसं वाटतं तसं वाटत होतं.

५

सुईणीने यंत्र पोटावर फिरवलं. फार वेळ फिरवलं. मग खोलीभर ठोके ऐकू आले.

"हे बघ," ती म्हणाली. "घोड्यासारखं पळतंय."

ठोके होते. रिकाम्या घरात भिंतीवरचं घड्याळ चालत राहतं, तसे होते. मोठी तपासणी झाली, मोजमापं सगळी बरोबर निघाली. "हालचाल?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली की पहिलटकरणींना उशिरा कळतं.

घरी आल्यावर मी ट्रोल्सला सांगितलं. कोट न काढताच सांगितलं.

"ते तिथेच आहे."

"कोण?"

"अधिक एक. आपण नेलं आणि आणलं नाही."

तो माझ्याजवळ बसला. तो चांगला माणूस आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, पट्ट्यांचे आवाजसुद्धा, आणि म्हणाला की थकव्याने असं होतं, आकड्यांची बडबड त्याने माझ्या डोक्यात भरली, चूक त्याची आहे.

"मग आण परत," मी म्हणाले. "एक फेरी. मी दुसरं काही मागत नाही."

"ती उडाली नाही, माइकेन."

"मला माहीत आहे."

"जे उडालं नाही ते उडवायचं नाही, एवढा एकच नियम आहे. तेवढ्यावर सगळं उभं आहे. प्रेबेन मला काढून टाकेल. आणि खरं सांगू? उडवलं, आणि तुला बरं वाटलं नाही, तर? मग पुढे काय करायचं?"

आम्ही पाव खाल्ला. त्याने माझ्या पावावर लोणी लावून दिलं, कडेपर्यंत.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिर्थे बाबागाडी घेऊन आली. ट्रोल्सची, उंच चाकांची, निळी. लेकरू तीत निजवून थंडीत दाराबाहेर ठेवायचं, म्हणजे काटक होतं. तिने गाडी अंगणात उभी केली, ब्रेक लावला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालंय?"

मी सांगितलं. तिला सांगताना लाज वाटली नाही.

"जाताना कितीचा आकडा दिलास?"

"एकशे बासष्ट, अधिक एक."

"कागदावरून?"

"मोजून."

तिने हातमोजे काढले, एकात एक घातले. मग जिन्याखाली जाऊन ओरडली, "ट्रोल्स! खाली ये."

तो आला आणि खिडकीपाशी उभा राहिला.

"रविवारी परतीची फेरी उडवायची."

"आई, तूसुद्धा? प्रेबेन..."

"प्रेबेनने जन्मभर कागद मोजले. मी माणसं मोजली आहेत. बायको सांगते एक राहिलंय, तर जायचं आणि आणायचं. तिथे खिडकीपाशी उभं राहून मला नियम नको सांगूस."

"आणि मग तिला बरं वाटलं नाही तर?"

"मग तू एक रविवार वाया घालवलास. तू याआधी पुष्कळ घालवलेस."

६

रविवारी दुपारी बारापर्यंत आभाळ शिशासारखं होतं. बिर्थे केक घेऊन आली आणि स्वयंपाकघरात बसली. मी वर गेले.

ट्रोल्सने कॉम्प्युटरचे पडदे मांडले होते. समोरचा चालू होता, त्यावर रोड्सचं ऊन, पांढरी धावपट्टी, वाळकं गवत. डावीकडचा पडदा अजून काळा होता. पहिल्यांदाच माझ्यापुढे कागद नव्हता. जी फेरी उडालीच नाही तिचा कागद कुठला? प्रेबेनच्या गॅरेजात तो असणं शक्यच नव्हतं.

"माझ्याकडे काहीच नाही," ट्रोल्स पाठमोरा म्हणाला. "तू सांगशील तोच आकडा."

मी डोळे मिटले. पट्टे लागत गेले. टिच. टिच. मागून पुढे, सावकाश, जणू बोटं ताठरली होती. एकशे बासष्ट. मग आवाज थांबले. मी वाट पाहिली. जिभेवर काही आलं नाही.

"किती?"

"थांब."

मांडीवरच्यांना पट्टा नसतो. ऐकून चालणार नव्हतं, बघावं लागणार होतं. मी डोळे उघडले.

खोली तेवढीच होती. ट्रोल्सची मान, तीन नारिंगी खुर्च्या, दारात मी. माझ्या पाठीशी जिना. आणि डावीकडच्या काळ्या पडद्यात माझं प्रतिबिंब, त्याच्या मागे जिना असायला हवा होता तिथे रांगा.

मी वळले नाही. वळायचं नाही असं ठरवलं नव्हतं, फक्त वळले नाही. पडद्यात मागून पुढे बघत आले. गवताच्या टोप्या. उन्हाने सोलवटलेली नाकं. लोक माझ्या पाठीकडे बघत बसले होते, उशीर झालेल्या विमानात बसतात तसे, रागावून थकलेले. मी चेहरे सोडून दिले. मी मांड्या बघितल्या. एकेक. पिशव्या. जाळीत भरलेले, तिकडून विकत घेतलेले समुद्री स्पंज. मिटलेले हात. चौदाव्या रांगेत खिडकीपाशी एक बाई छातीशी काहीतरी घट्ट धरून होती आणि मी तिथे थांबले. तिने हात जरा सैल केले. घडी घातलेला लोकरी स्वेटर होता.

पुढच्या रांगांतही नव्हतं. मी पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. कुठेच नव्हतं.

"माइकेन, किती?"

आकडा दिला की दार लागतं. एकशे बासष्ट म्हणाले असते तर दार लागलं असतं आणि विमान घरी आलं असतं. मग कोणी शोधायला गेलं नसतं.

"एकशे बासष्ट," मी म्हणाले. "अधिक एक."

पडद्यातल्या पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागे बघायला लागली.

"एकशे बासष्ट, अधिक एक," ट्रोल्स म्हणाला. "दार लाव."

मी लावलं.

चार वाजायच्या सुमाराला विमान बिलुंडला उतरलं. मी तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. चाकं टेकली आणि वर टाळ्या वाजल्या. उन्हातून परत आलेली आमची माणसं विमान टेकलं की टाळ्या वाजवतात, तशा. बिर्थे स्वयंपाकघरातून आली.

"तू वाजवल्यास?" मी विचारलं.

तिच्या हातांत ट्रे होता. दोन्ही हातांत.

तिने उत्तर द्यायच्या आतच माझ्या पोटात लाथ बसली. ती माशाची शेपटी नव्हती. पूर्ण टाचेची लाथ होती, उजव्या बरगडीखाली, एखाद्याने अरुंद जागेत शिरून कूस वळवावी तशी. मी ओरडले. ट्रोल्स जिन्यावरून धावत आला, पोटावर हात ठेवला, आणि त्याच्या हाताखाली दुसरी बसली. तो रडला. बिर्थेने केक कापला.

७

आता फेब्रुवारी आहे. पुढच्या महिन्यात दिवस भरतील. सुईण म्हणते, वजन छान आहे, अपेक्षेपेक्षा थोडं जास्तच.

प्रेबेनने ट्रोल्सला काढून टाकलं. 'जे उडालं नाही ते तू उडवलंस,' त्याने लिहिलं, 'तू खेळत होतास.' ट्रोल्सला लागलं, पण त्याने दाखवलं नाही. पडदे विकले, खुर्च्या भंगारवाल्याला परत दिल्या आणि वरची छोटी खोली पिवळी रंगवली. पाळणा जिथे ठेवलाय तिथून दार आणि जिना दिसतो. मी तो दुसऱ्या भिंतीशी सरकवला होता. त्याने परत तिथेच आणला, म्हणाला, खिडकीची थंडी लागेल.

बिर्थेने एकदाच विचारलं. आम्ही दोघी लहान कपड्यांच्या घड्या घालत होतो.

"कोणाच्या मांडीवर होतं?"

"चौदाव्या रांगेत," मी म्हणाले. "खिडकीपाशी एक बाई होती."

"नीट धरलं होतं तिने?"

"घट्ट."

तिने मान हलवली आणि पुढचा कपडा घेतला. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला पुढे बोलवेना. पुढे बोलायचं तरी काय? मी प्रत्येक मांडी पाहिली होती, दोनदा. तिथे कोणी मूल नव्हतं. मी आकडा दिला, दार लागलं, आणि तो आकडा भरायला कोणीतरी उठून आलं.

ते खूप हलतं. दुकानात मी गोळ्या मोजायला घेतल्या की जरा वेळ शांत राहतं, ऐकत असल्यासारखं. ट्रोल्स त्याच्याशी बोलतो, त्याला धावपट्ट्यांची नावं सांगतो. मी पोटावर हात ठेवत नाही. कोणी बघत असलं की मात्र ठेवते.